पान दाखवून आणलेलं औषध

अक्का, काल गुरुवार होता. दुपारी चारला धुळ्याच्या मॅडमकडे तुझी वेळ ठरलेली होती आणि ती रद्द करायचं माझ्याकडून राहून गेलं. राहून गेलं म्हणतो खरा, पण तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. रद्द करायचं म्हणजे कारण सांगावं लागतं. तुला जाऊन सतरा दिवस झाले, गंधमुक्तीचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी 'माझी बहीण गेली' हे तीन शब्द माझ्या तोंडून एकदाही सरळ निघालेले नाहीत. तुझी भावजय सुमनच सगळ्यांना सांगते. मी शेजारी उभा राहून मान हलवतो.

दुखवट्याला दारावर बसायला येणाऱ्यांनी तर डोकं उठवलं होतं. एकजण म्हणाले, "डोक्याची ट्रीटमेंट चालू होती ना त्यांची? मग एकदम हार्ट कसं काय?" दुसरे म्हणाले, "त्या मेंदूच्या डॉक्टरच्याच गोळ्या गरम पडल्या असतीन." झालं, मी भडकलो. म्हटलं, मेंदूचे डॉक्टर वेगळे, मनाचे वेगळे, बोलायच्या मॅडम वेगळ्या आणि हृदयाचे तर अजूनच वेगळे! सगळे आता यालाच यांच्यापैकी आधी कुणाकडे न्यावं, अशा नजरेनं बघत राहिले. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. कारण दोन वर्षांपूर्वी हेच सगळं मी तुला विचारत होतो, आणि त्यांच्याहून जास्त खात्रीनं बोलत होतो.

जिजाजी गेले तेव्हा तू रडली नाहीस. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेली बाई, लोकांना वाटलं कणखर आहे. मलाही वाटलं. मूलबाळ नाही, मोठं घर, म्हणून मी दर पंधरवड्याला रावेरहून धुळ्याला यायचो. एकदा वांग्याचं भरीत आणलं, तुरीच्या काड्यांवर भाजलेलं, तुला आवडतं तसं. पुढच्या वेळी आलो तर तो डबा फ्रिजमध्ये तसाच. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. मी विचारलं, तर तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "माले काही व्हयेल नही शे, बापू. पहाटे जाग येस, आणि मंग वाटस, दिवस उजाडूच नही."

धुळ्यात राहून तुझ्या तोंडात हे अहिराणी 'शे' बसलं होतं आणि त्यावरून मी तुला कायम चिडवायचो. त्या दिवशी चिडवायचं सुचलं नाही.

तुझं डोकंही दुखायचं, म्हणून मी तुला जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. माझा हिशोब सरळ होता. मन मेंदूत असतं, म्हणजे मेंदूवाल्याकडेच जायला पाहिजे. त्यांनी मशीनमध्ये घालून फोटो काढला आणि म्हणाले, मेंदूत काही नाही. मला इतका आनंद झाला की मी येताना जिलेबी घेतली. तू गाडीत म्हणालीस, "मेंदूत काही नही, हे आबा तं माले लहानपणपासून सांगेत." आपण दोघंही आबांच्या, आपल्या वडिलांच्या, आठवणीनं हसलो. त्या आनंदात डॉक्टरांनी चिठ्ठीच्या खाली काय लिहिलंय, ते मी वाचलंच नाही. महिना-दीड महिन्यानं सुमनला फाइलमध्ये ती ओळ दिसली. मनोविकारतज्ज्ञांकडे दाखवावे, असं लिहिलं होतं. मेंदूत काही नाही याचा अर्थ अक्काला काही नाही असा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तू यायला साफ नकार दिलास. "मी येडी शे का?" एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. मग मी रावेरचा माणूस जे करतो तेच केलं. आपल्याकडे केळीला काही झालं की शेतकरी पान तोडतो, पिशवीत घालतो आणि कृषी केंद्रात जातो. दुकानदार पान उलटंसुलटं करून बघतो आणि बाटली काढून देतो. झाड काही कुणी दुकानात नेत नाही. तसं मी तुझं सगळं एका कागदावर लिहिलं. झोप नाही, जेवण नाही, बोलत नाही, आंघोळ दुपारी. तो कागद घडी करून खिशात घातला आणि एकटाच जळगावला मनोविकारतज्ज्ञांसमोर जाऊन बसलो.

डॉक्टर म्हणाले, "पेशंट कुठे आहेत?"

"धुळ्याला."

"मग तुम्ही कोण?"

"भाऊ."

"तुम्हाला काय होतंय?"

"मला कुठं काय होतंय? तुम्ही फक्त औषध द्या, मी पोचवतो."

त्यांनी माझा कागद वाचला, नीट वाचला, आणि माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पेशंट आणा." मी तणतणत बाहेर पडलो. तिथूनच तुला फोन लावून सांगितलं की याच्यापेक्षा आपला कृषी केंद्रवाला बरा. मग हसू आलं पलीकडून. जिलेबीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच ऐकलं ते मी. "तुन्ही ती केळी आठवस का?" तू विचारलंस.

आठवत कशी नाही? मी दोनदा पान नेलं होतं, दोनदा पानांवरच्या करपा रोगाचं औषध फवारलं होतं, आणि बाग पिवळीच पडत चालली होती. शेवटी एक कृषी अधिकारी बांधावर आले, कुदळ मागितली आणि एक झाड उपटून दाखवलं. खाली कंद सडलेला. तू तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत रावेरला आलेली होतीस, माझ्या मागेच उभी होतीस, आणि त्यानंतर वर्षभर तू माझी हजेरी घेतलीस. "पान दाखाडीसन औषध लयनारा भाऊ," अशी माझी ओळख करून द्यायचीस लोकांना.

तर त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "चाल. सांग त्या डॉक्टरले, झाड येस म्हना." आणि आलीस.

तिथल्या पोरीनं फॉर्म भरला. नाव, वय, गाव. सोबत कोण आहे? मी म्हटलं, भाऊ. पुढे प्रत्येक फॉर्मवर तुझ्या नावाखाली हेच लिहिलं गेलं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांनी तुला खूप प्रश्न विचारले, साखरेचे, थायरॉइडचे, रक्त तपासायला सांगितलं. गोळी लिहून दिली. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील आणि स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, हे दोनदा सांगितलं. आणि वर म्हणाले, धुळ्यात एक मानसशास्त्रज्ञ मॅडम आहेत, त्यांच्याकडे दर आठवड्याला जा. मी चक्रावलो. एका आजाराला दोन डॉक्टर? आणि तुम्ही डॉक्टर असताना त्या कशाला?

मॅडमकडे गेलो तर ना पांढरा कोट, ना गळ्यात नळी. दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. तू तासभर आत, मी बाहेर. निघताना मी विचारलं, "गोळी कुठली दिली?" मॅडम म्हणाल्या, "मी गोळ्या देत नाही, काका. ते डॉक्टर ठरवतात. मी बोलते, ऐकते, काही चाचण्या घेते, काही गोष्टी शिकवते." बसमध्ये मी तुला म्हटलं, ही डॉक्टर नाही, ही बाई नुसत्या गप्पा मारते. तू डोळे मिटून बसली होतीस. पुढे महिन्याभरानं तूच मला समजावलंस, "गोळीनं माले उठीसन बसता येस. बसल्यावर काय करानं, ते मॅडम शिकाडस." शाळेतल्या बाईनं 'ढ' पोराला समजावावं तसं तू ते तीनदा सांगितलंस. आमच्या पुतण्याच्या कॉलेजात समुपदेशक असतात, परीक्षेची भीती, घरातली भांडणं यांवर त्या बोलतात, त्या अजून वेगळ्या, हेही सांगितलंस. मी मान हलवली. समजलं मात्र काहीच नव्हतं.

कारण माझ्या डोक्यात वेगळाच तराजू चालू होता. डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटं बघतात. मॅडम दर आठवड्याला तासभर देतात. आपल्याकडे जो जास्त वेळ देतो, आपुलकीनं विचारतो, तोच मोठा. म्हणजे आधी जिला मी डॉक्टर मानत नव्हतो, तिलाच हळूहळू मोठी डॉक्टर करून बसलो.

पाच महिन्यांत तू परत माणसात आलीस. मी नेलेलं भरीत एक घास खाऊन तू ताट सरकवलंस आणि म्हणालीस, "हे गॅसवर भाजेल शे. माले शिकाडू नको." सुमननं खरंच गॅसवर भाजलं होतं. तुझी ती चिडचिड ऐकून मला रडू आलं, आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

त्याच आठवड्यात मॅडम माझ्यासमोर तुला म्हणाल्या, "खूप छान सुधारणा आहे. असंच चालू ठेवा." त्यातलं पहिलं वाक्य मी घरी घेऊन आलो, दुसरं तिथंच ठेवलं. तुला म्हटलं, आता गोळ्या कशाला? मॅडम स्वतः म्हणाल्या ना, बरं झालं म्हणून. तू म्हणालीस, एकदा डॉक्टरांना फोन करून विचारू. मी म्हटलं, पान हिरवं झाल्यावर फवारणी कुणी करतं का? तू माझ्याकडे बघितलंस. मग डबीतली पाकिटं काढून माझ्या हातात दिलीस. माझ्या हातात, अक्का. मी ती कपाटात वर ठेवली.

आधी तुला चक्कर यायला लागली. मग परत ती पहाट. मग एक दिवस सुमन म्हणाली, "अक्का फोनवर नुस्तं हं हं करी राह्यल्या." मी तुला घेऊन जळगावला पळालो.

आता ते सांगतो, जे तुला सांगायची गरज नाही, कारण तू तिथंच होतीस. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" आणि माझ्या तोंडून निघालं, "तिनंच. आम्हाला न विचारता." कशाला निघालं? मला अजून कळत नाही. डॉक्टर काही मला मारणार नव्हते. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस, फक्त एकदा, आणि म्हणालीस, "हो डॉक्टर. मीच." मग पाच मिनिटं ते तुला बोलत होते. तीस वर्षं पोरांना रागावलेली तू, मान खाली घालून ऐकत होतीस. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, रुग्णाने स्वतःहून औषध बंद केले. मी शेजारी बसून ते वाचलं. बाहेर आल्यावर तू मला चहा घेणार का एवढंच विचारलंस.

तू पुन्हा बरी झालीस, या वेळी जरा सावकाश, आणि मॅडमकडची वेळ आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा झाली. तो विषय तू कधी काढला नाहीस. मीही नाही. त्याऐवजी आपण भलत्याच गोष्टीवर भांडत राहिलो. नवरा गेल्यावर झोप न येणं हे दुःख की आजार? तू म्हणायचीस, कुठं दुःख संपतं आणि कुठं आजार सुरू होतो, हे मलाच कळलं नाही, म्हणून तर कुणीतरी बघणारं लागतं. मी म्हणायचो, सगळं दुःखच आहे, डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय. हे भांडण अर्धं राहिलं. आणि आता माझी बाजू कुठली होती, ते मला नीट सांगता येत नाही.

डॉक्टरांसमोर खोटं बोललो त्या दिवसापासून मला पहाटे जाग यायला लागली होती. मी कुणाला बोललो नाही, पण सुमननं तुला सांगितलं असणार. तू म्हणालीस, "बापू, तू पन जाय एकदा." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? नवरा तुझा गेला, माझं कोण गेलंय?" हे असं बोललो मी तुला. त्यानंतर आपलं शेवटचं बोलणं झालं ते वांग्यांवर, की यंदा चांगली वांगी मिळत नाहीत. पाच दिवसांनी सकाळी गॅसवर दूध होतं, आणि शेजारच्या बाईंनी हाक मारली तर तू ओ दिली नाहीस.

हृदयाच्या डॉक्टरांना मी विचारलं, मध्ये गोळ्या बंद झाल्या होत्या, त्यानं तर झालं नाही ना? ते म्हणाले, वीस वर्षांची साखर होती त्यांना, तसा संबंध वाटत नाही, पण तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा. त्यांना फोन केला. तेही नाही म्हणाले, समजावून म्हणाले. दोन मोठ्या माणसांनी नाही म्हटलं, अक्का, आणि ते नाही माझ्या आत कुठंच जाऊन बसत नाही. मी घरभर फिरतो आणि विचार करतो, हे कुणाकडे न्यायचं? माझ्या मेंदूत काही नाही. हृदयही ठीक. खोटं बोललेल्या माणसाचा डॉक्टर कोणता असतो? तू असतीस तर तुला विचारलं असतं. तुलाच तर माहीत होतं, कुणाकडे काय न्यायचं ते.

म्हणून काल गेलो. तुझी वेळ होती, मी गेलो. चारला पाच मिनिटं कमी असताना दारात उभा राहिलो. मॅडमनी मला एकट्याला बघितलं, आणि नेहमीसारखं विचारलं, "अक्का कुठे आहेत?"

मी म्हटलं, "अक्का गेली, मॅडम."

एवढंच. तीन शब्द नाहीत, दोनच पुरले. त्या उठून उभ्या राहिल्या. मला तुझ्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग मी म्हटलं, ती इथे येऊन माझ्याबद्दल काही बोलली का? गोळ्यांबद्दल? मॅडम म्हणाल्या, "काका, त्या इथे काय बोलल्या, ते त्या नसल्या तरी मी सांगणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी तुमच्यासाठीच सांगून ठेवलीय. भाऊ कधी आला तर सांगा म्हणाल्या होत्या."

तू तीन वेळा त्यांना विचारलं होतंस म्हणे. माझ्या भावाला पहाटे जाग येते, जेवताना उठून जातो, चिडतो, त्याला कुणाकडे न्यावं? गोळीवाल्याकडे की तुमच्याकडे? तिसऱ्या वेळी तर कागदावर लिहून आणलं होतंस. मॅडम तुला म्हणाल्या, पेशंट आणा. आणि तू हसलीस आणि म्हणालीस, "मॅडम, आमच्या रावेरले पानच लयतस."

अक्का, मी तिथं हसलो. मग मला आवरेना. त्या खुर्चीत बसून मी लहान पोरासारखा रडलो आणि त्या रडण्यातच ते सांगून टाकलं, गोळ्या मी बंद केल्या, नाव तिचं घेतलं, आणि ती हो म्हणाली. मोठ्यानं बोललो पहिल्यांदाच. मॅडमनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, फाइल दुरुस्त करायची असेल तर जळगावच्या डॉक्टरांना जाऊन सांगा, आणि झोपेचं त्यांना दाखवाच, त्याला औषध लागेल की नाही ते तेच ठरवतील, मी नाही. बाकी बोलायला दर गुरुवारी चारला या. म्हणजे परत दोन डॉक्टर. या वेळी मी हिशोब केला नाही. जळगावला मंगळवारी जाणार आहे.

मॅडमनी नवा फॉर्म काढला. नाव विचारलं, तर सवयीनं माझ्या तोंडून तुझंच निघालं. त्या थांबल्या. मग मी माझं सांगितलं. वय सांगितलं, गाव सांगितलं.

"सोबत कोण आलंय?"

मी म्हटलं, "बहीण."

मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं.